कबुलीजबाबाचा कर्ता कोण? : न्यायालयीन थरारकथा आणि गिल्डफर्ड खटल्याची संहिता

न्यायालयीन थरारकथा या कथाप्रकाराची मांडणी बऱ्याच अंशी ठरलेली असते. समाजाने आधीच दोषी मानलेला आरोपी, त्याचे वकीलपत्र घेतल्यामुळे लोकांच्या रोषास पात्र झालेला वकील, दडवून ठेवलेला एखादा कागद आणि अखेरच्या सुनावणीत होणारा उलगडा, हे तिचे घटक होत. आरोपी दहशतवादी म्हणून उभा केलेला असेल, तर या मांडणीपुढे एक अडचण येते. बाँबस्फोटात माणसे मेलेली असतात, आणि अशा कृत्याचा आरोप असलेल्या माणसाच्या बचावात वाचकाचे मन गुंतवावयाचे असते. थरारकथा ही अडचण एका सोप्या उपायाने सोडवते. आरोपी निर्दोष आहे हे ती वाचकाला लवकर सांगून टाकते. त्यामुळे वकिलाचे काम नैतिकदृष्ट्या निर्धोक होते आणि उत्कंठा केवळ सुटकेपुरती उरते. या उपायाने नेमके काय झाकले जाते, हे एका चित्रपटाच्या आणि त्यामागील खटल्याच्या आधारे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

५ ऑक्टोबर १९७४ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे दोन मद्यगृहांत स्फोट झाले आणि पाच माणसे मरण पावली. नोव्हेंबरमध्ये वुलविच येथील स्फोटात आणखी दोघांचा बळी गेला. त्याच महिन्यात बर्मिंगहॅममध्ये २१ माणसे मारली गेल्यावर ब्रिटिश संसदेने दहशतवादविरोधी कायदा घाईने मंजूर केला. त्याने पोलिसांना संशयिताला सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याचा अधिकार मिळाला. या वातावरणात पॉल हिल, जेरी कॉन्लन, पॅट्रिक आर्मस्ट्राँग आणि कॅरोल रिचर्डसन यांना अटक झाली. चौघांचेही कबुलीजबाब नोंदवले गेले. ते एकमेकांशी जुळत नव्हते. स्फोटांशी चौघांचा संबंध जोडणारा कोणताही वैज्ञानिक पुरावा नव्हता. जबाब मारहाण आणि धमक्या यांतून आल्याचे आरोपींनी न्यायालयात सांगितले. तरीही ऑक्टोबर १९७५ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि जन्मठेप झाली. १९ ऑक्टोबर १९८९ रोजी अपील न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली.

कॉन्लन यांच्या १९९० मधील आत्मकथनावर आधारलेला जिम शेरिडन यांचा ‘इन द नेम ऑफ द फादर’ हा चित्रपट १९९३ मध्ये आला. त्यात एमा थॉम्पसन यांनी साकारलेल्या वकील गॅरेथ पीअर्स यांना पोलिसांच्या दप्तरात एक जबानी सापडते. कॉन्लन घटनेच्या वेळी अन्यत्र होता, असे सांगणारी ही जबानी बचाव पक्षाला दाखवू नये, असा शेरा तिच्यावर असतो. भर न्यायालयात पीअर्स तो कागद उंचावतात आणि निकाल फिरतो. प्रत्यक्षात पीअर्स सॉलिसिटर होत्या. त्या काळच्या व्यवस्थेत अपील न्यायालयापुढे युक्तिवाद करणे हे बॅरिस्टरचे काम होते. जेरी आणि त्याचे वडील ज्युसेपी यांच्यावर एकत्र खटला चालल्याचे आणि दोघे एकाच कोठडीत राहिल्याचे चित्रपटात दिसते. ज्युसेपी यांच्यावर १९७६ मध्ये वेगळा खटला झाला होता. १९८० मध्ये शिक्षा भोगत असतानाच ते मरण पावले.

कलाकृतीने इतिहासात केलेल्या बदलांची यादी करणे हा समीक्षेचा हेतू असू शकत नाही. बापलेकांना एका कोठडीत आणल्याने चित्रपटाला त्याचे भावनिक केंद्र सापडले आहे, आणि ते सामर्थ्याने साकारले आहे. प्रश्न वेगळा आहे. खटला ज्या पुराव्यावर कोसळला तो बाजूला सारून दुसरा पुरावा मध्यभागी का आणावा लागला? दडवलेली जबानी ही कल्पित गोष्ट नाही. तशी जबानी होती आणि ती बचाव पक्षाला वेळेवर दिली गेली नव्हती. परंतु १९८९ चा निकाल मुख्यतः तिच्यावर उभा नाही.

तो उभा आहे एका पाठचिकित्सेवर. पुन्हा चौकशी करणाऱ्या दुसऱ्या पोलीस दलाला सरे पोलिसांच्या दप्तरात आर्मस्ट्राँग यांच्या जबाबाची टंकलिखित टिपणे सापडली. त्यांवर हाताने केलेल्या दुरुस्त्या, भर आणि खाडाखोड होती. १९७५ च्या खटल्यात सादर झालेली हस्तलिखित टिपणे या दुरुस्त टंकलिखिताशी जुळत होती. आरोपी बोलत असताना लिहून घेतली म्हणून शपथेवर सांगितलेली ही टिपणे म्हणजे आधी तयार झालेल्या मसुद्याची स्वच्छ प्रत होती, असाच निष्कर्ष त्यातून निघत होता. मूळ प्रत आणि नक्कल यांचा क्रम उलटला, आणि सरकार पक्षानेच शिक्षेचे समर्थन करण्याचे नाकारले. चित्रपटातील अंतिम संघर्ष त्या दिवशी घडलाच नाही.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या परंपरेत सिद्ध झाली, त्या परंपरेतील अभ्यासकाला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. कोणती प्रत आधीची, कोणता पाठ प्रक्षिप्त, भर कोणी आणि केव्हा घातली, हेच प्रश्न येथे माणसांच्या स्वातंत्र्याशी जोडले गेले आहेत. कबुलीजबाब ही विलक्षण संहिता आहे. ती प्रथमपुरुषी असते, तिच्याखाली आरोपीची सही असते. पण शब्दयोजना, घटनाक्रम आणि वाक्यांची वीण लिहून घेणाऱ्याची असू शकते. तिचा निवेदक आरोपी आणि कर्ता पोलीस, असे विभाजन संभवते. बचावाच्या वकिलाचे मूलभूत काम हे विभाजन दाखवणे होय.

चित्रपटाला याची जाणीव अजिबात नाही असे नव्हे. पीअर्स मोटार चालवताना कॉन्लन यांनी ध्वनिफितीवर सांगितलेली हकीकत ऐकत आहेत, अशी त्याची चौकट आहे. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबाला स्वतःच्या आवाजातील निवेदनाने दिलेले ते उत्तर आहे. पण शेवटाकडे येताना चित्रपट हे सूत्र सोडतो आणि आवाजाऐवजी एका लपवलेल्या कागदावर विसंबतो.

या निवडीचा परिणाम १९७७ च्या अपिलाच्या संदर्भात स्पष्ट होतो. बाल्कम स्ट्रीट प्रकरणात पकडलेल्या आयआरएच्या सदस्यांनी गिल्डफर्ड आणि वुलविचचे स्फोट आपण केले, शिक्षा झालेल्या चौघांचा त्यांत हात नव्हता, असे सांगितले. अपील न्यायालयाने त्यांचा सहभाग संभाव्य मानला, पण चौघेही त्यांच्यासोबत असू शकतात अशी भूमिका घेऊन शिक्षा कायम ठेवली. न्यायालयापुढे दोन विसंगत कथने होती. त्याने दोन्ही सामावून घेणारे तिसरे कथानक रचले. म्हणजे निर्दोषित्वाचा प्रत्यक्ष पुरावाही रूढ कथानकात जिरवता येतो. कबुलीजबाबाची संहिता अभंग होती तोवर बाहेरून आलेली कोणतीही साक्ष पुरेशी ठरली नाही. ती संहिता आतून उकलली तेव्हाच निकाल बदलला.

म्हणून लपवलेल्या जबानीवर भिस्त ठेवणारी थरारकथा नकळत एक धोकादायक विचार रुजवते. आरोपी निर्दोष असल्याचे सिद्ध करणारा कागद सापडला तर त्याची सुटका न्याय्य, असा तिचा सूर असतो. असा कागद न सापडणाऱ्या आरोपीचे काय, हा प्रश्न ती विचारत नाही. वकिलाला मात्र आरोपी दोषी की निर्दोष हे ठरण्यापूर्वीच उभे राहावे लागते. दोष सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, या तत्त्वाला नाट्यरूप देणे कठीण आहे, कारण त्यात उलगडा नसतो, शंका असते.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. पोलीस अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते. इंग्लंडमधील न्यायालये पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबांवर शिक्षा देत असताना त्यांच्याच वसाहतीतील कायदा अशा संहितेच्या कर्तृत्वाविषयी साशंक होता. स्वतंत्र भारताने १९८७ च्या टाडा कायद्याच्या कलम १५ ने ही शंका विशिष्ट खटल्यांपुरती बाजूला ठेवली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. १९९५ मध्ये कायद्याची मुदत संपली. २००२ च्या पोटा कायद्याने तीच तरतूद पुन्हा आणली आणि २००४ मध्ये तोही रद्द झाला. टाडाखाली तुरुंगवास भोगून पुढे मुंबईत वकील झालेले शाहिद आझमी दहशतवादाच्या आरोपींचे खटले लढवीत असत. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांच्या कार्यालयातच त्यांचा खून झाला. हन्सल मेहता यांच्या ‘शाहिद’ या चित्रपटात शेवटची सुटका वकिलाच्या वाट्याला येत नाही. आरोपीचा बचाव करणारा माणूसच समाजाच्या संशयाचा धनी होतो, ही थरारकथेतील ओळखीची कल्पना तेथे जीवघेणी ठरते.

गिल्डफर्ड प्रकरणात खोटी टिपणे केल्याचा आरोप असलेले तीन माजी पोलीस अधिकारी १९९३ मध्ये निर्दोष सुटले. त्यांच्याविरुद्धचा दोष संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, असा त्याचा अर्थ. चौघांवर अन्याय झाला असे मानणाऱ्याला हा निकाल बोचेल. परंतु चौघांना जे संरक्षण १९७५ मध्ये मिळावयास हवे होते, तेच येथे इतरांना मिळाले. ही बोच सहन करण्याची तयारी ज्या वाचकात निर्माण होईल, त्याच्यासाठी लिहिलेली न्यायालयीन कथा निर्दोषित्वाच्या आधाराशिवायही उभी राहू शकेल.