डेम्लो संख्या

* १२३४५६७८९८७६५४३२१ : लेखकाने ही सतरा अंकी संख्या नुसतीच दिली आहे. तो १११११११११ चा वर्ग. गुणाकार कागदावर मांडून पाहावा: प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि दोन्ही कडांकडे ते एकेकाने कमी होतात. कुठेही हातचा येत नाही, सगळी गंमत त्यातच. दहा एक घेतले की मध्ये हातचा येतो, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होते आणि सुंदर डौल मोडतो. या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ व ३३३६६७. अशा संख्यांचा नाद देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना लागला. 'डेम्लो' हे नाव त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून दिले. — संपा.