दोन कामांच्या मधले दिवस

कामगारांचा इतिहास लिहिताना आपण कामाच्या दिवसांचा हिशेब ठेवतो. पगार किती होता, पाळी किती तासांची होती, संप किती दिवस चालला, हे सारे नोंदवतो. एक काम सुटले आणि दुसरे मिळाले नाही, त्या मधल्या दिवसांचा इतिहास मात्र आपण फारसा लिहिलेला नाही. त्या दिवसांत माणूस काय खातो, कुणाच्या दारात उभा राहतो आणि कोणत्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद गमावून बसतो, हे पाहिल्याशिवाय बेकारभत्त्याचा अर्थ उमगणार नाही. माझ्या मते या देशात बेकारभत्त्याचा प्रश्न हा जातीचाही प्रश्न आहे. तो कसा, हे मी आमच्या घरातल्या काही प्रसंगांच्या आणि काही कायद्यांच्या आधारे मांडणार आहे.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात बदली कामगार होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. आबा रोज पहाटे भोंग्याआधी दरवाजावर जात. कुणी आजारी असेल, कुणी गावी गेला असेल, तर आबांना काम. नाहीतर रिकाम्या डब्यासारखा भरलेला डबा परत घरी. जॉबरच्या मनमानीला आळा घालण्यासाठी १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदलीवाल्यांना कार्डे देण्याची पद्धत आली. कार्ड आले, पण कार्ड म्हणजे काम नव्हे.

आबा रिंग खात्यातच का होते? विणकाम खात्यात पगार अधिक होता. परंतु तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण कामगारांनी आमच्या माणसांना त्या खात्याबाहेर ठेवले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. भांडवलदाराविरुद्ध एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना आपल्या ओठांवरची जात दिसत नव्हती. आबांच्या काळापर्यंत उघड बंदी उरली नव्हती. पण ज्याचा भाऊ, चुलता, मामा त्या खात्यात होता त्याचा तिथे शिरकाव होई, आणि आमचे भाऊ, चुलते, मामा रिंग खात्यात होते.

१९७० च्या आसपास आबांच्या गिरणीने एक पाळी काही आठवडे बंद ठेवली. मी तेव्हा शाळेत होतो. औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली एक तरतूद घातली गेली होती. कामगाराला ‘ले-ऑफ’ दिला, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून द्यायची. अट अशी, की त्याचे नाव हजेरीपटावर हवे, त्याने वर्षभर सलग नोकरी केलेली हवी आणि ठरल्या वेळी दिवसातून एकदा तरी कामावर हजर राहिले पाहिजे. सलग नोकरी म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम. बदली कामगाराला ही भरपाई नव्हती; मात्र त्याची वर्षाची नोकरी भरली, तर कायद्याच्या दृष्टीने तो बदली राहत नव्हता.

वाचायला तरतूद न्यायाची वाटते. आता दरवाजावरचे दृश्य पाहा. कायम कामगार सकाळी येई, हजेरी लावी आणि निम्म्या पगाराचा हक्कदार होऊन घरी जाई. आबाही त्याच सकाळी त्याच दरवाजावर उभे असत. त्यांचे २४० दिवस भरलेले नव्हते. ते भरू द्यायचे की नाही हे त्यांच्या हातात नव्हते. आबा एकदा आईला म्हणाले, “आम्ही दोघं एकाच दरवाज्यावर हुबं राहतो. त्याचं हुबं राहणं लिवून घेत्यात, माजं न्हाई.”

अनेक कायद्यांच्या भाष्यांनी मला जे शिकवले नाही, ते आबांच्या त्या दोन वाक्यांनी शिकवले. बेकारीची भरपाई बेकाराला मिळत नाही. ज्याचे काम कागदावर आहे अशा बेकाराला ती मिळते. आणि आमच्या माणसांचे काम कागदावर येऊ नये, अशीच व्यवस्था बदली, कंत्राटी, रोजंदारी अशा नाना नावांनी चालू राहिली.

पण हा प्रश्न गिरणीच्या दरवाजावर संपत नाही. इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने काही धंद्यांतील कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला. हिंदुस्थानातील कामगारांची पाहणी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. असा राष्ट्रीय विमा या देशात तूर्त व्यवहार्य नाही, असे मत त्यात पडले. शहरातल्या कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू आहे, ते टिकवावे, असेही आयोगाने म्हटले. थोडक्यात, काम सुटले तर कामगार गावी जाईल आणि गाव त्याला सांभाळील. सरकारने विमा द्यायचा नाही, गावाने द्यायचा!

कोणाचे गाव? ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याच्या दृष्टीने गाव म्हणजे विमा असेल. त्याची जमीन कोरडवाहू असेल, वाटण्या होऊन तिचे तुकडे झाले असतील, हे मी नाकारीत नाही. तरी भाकरीपुरती ज्वारी आणि पडवीत पाठ टेकायला जागा त्याला होती. आमचे गाव म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. आमच्या वाट्याला गावाने दिलेला विमा म्हणजे बलुते. आणि त्या विम्याचा हप्ता म्हणजे सांगावे पोचवणे, सरपण फोडणे आणि मेलेले ढोर ओढणे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या लोकांना मृत मांस आणि ही हीन कामे सोडायला सांगितले. लोकांनी ती सोडली आणि अनेक गावांनी बहिष्कार घातले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. महारकी वतन कायद्याने नाहीसे व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. काम नाकारणाऱ्या माणसाने दुसरे काम मिळेपर्यंत काय खायचे, हा प्रश्न आमच्या चळवळीपुढे तेव्हापासून उभा आहे.

बाबासाहेबांना हा प्रश्न किती खोलवर कळला होता, हे त्यांच्या १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात दिसते. त्यांचे म्हणणे असे, की मूलभूत हक्कांची किंमत बेकाराला विचारा. उपाशी माणसापुढे नोकरी आणि हक्क यांपैकी एक निवडण्याची पाळी आली, तर तो संघटनेचा, भाषणाचा हक्क सोडून देईल आणि नोकरी धरील. म्हणून आर्थिक सत्ता खासगी हाती मोकळी सोडली, तर हक्क नुसते कागदावर राहतात. घटनेत अनुच्छेद ४१ आला. काम मिळण्याचा, शिक्षणाचा आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सरकारी साहाय्याचा हक्क द्यावा, असे त्यात सांगितले. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत आला, आणि त्याला राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातली गेली. मार्गदर्शक तत्त्वाच्या आधारे कोर्टात जाऊन भत्ता मागता येत नाही.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकले, हे मान्य केलेच पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली. त्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत असे आणि मिळालेली सुकडी पदराला बांधून आणीत असे. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत ते द्यायचे. न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता द्यायचा. एक रुपया! रक्कम हसण्याजोगी होती, पण तत्त्व मोठे होते. इथे जुन्या नोकरीचा पुरावा लागत नव्हता. काम मागितल्याचा पुरावा पुरे होता.

तो पुरावाच मिळत नव्हता. १९८० च्या उन्हाळ्यात मी कॉलेजला सुट्टी लागल्यावर सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या गावी गेलो. वस्तीत कुणाला काम नव्हते. मी आई, चुलते आणि आणखी नऊ जणांची कामाची मागणी लिहिली, अंगठे घेतले आणि संबंधित कचेरीत नेऊन दिली. पोच मागितली. साहेब बाहेर गेले आहेत, असे उत्तर मिळाले. पुन्हा गेलो. “अर्ज ठेवून जा, पोच कशाला पाहिजे?” असे उत्तर मिळाले. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस सुरू होत नाहीत, आणि पंधरा दिवस सुरूच झाले नाहीत तर ते संपणार कसे? सबंध कायदा त्या एका सहीवर अडला होता. भत्ता द्यावा लागला तर कामे काढण्यात कचेरी कमी पडली हे लेखी सिद्ध होणार. म्हणून कागदच निर्माण होऊ द्यायचा नाही, हे मला पुढे कळले.

त्याच आठवड्यात गावातून निरोप आला. एका बागायतदाराचा बैल पडला होता. “चौघं जण या, ओढून टाका. दोन पायल्या ज्वारी देतो.” आमच्या वस्तीने १९५६ साली धम्म घेतला होता. त्यानंतर कुणी ढोर ओढले नव्हते. तात्या, म्हणजे माझे चुलते, उंबऱ्यावर बसले होते. घरात त्यांची चार मुले होती. मी म्हणालो, “तात्या, जाऊ नका. कामाचा अर्ज दिलाय.” तात्यांनी माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले, “अर्ज शिजवून घालू का पोरांना?” आणि ते गेले.

मी त्यांच्याशी त्या सुट्टीत पुन्हा बोललो नाही. चळवळीत नुकताच आलेला तरुण होतो. तात्यांनी बाबासाहेबांचा शब्द मोडला, एवढेच मला दिसत होते. आज मला दिसते ते वेगळे आहे. मी पोच मिळवली असती, पंधरा दिवस मोजले गेले असते, घरातल्या तिघा प्रौढांचे रोजचे तीन रुपये आले असते, तर तात्या त्या निरोपाला ‘नाही’ म्हणाले असते. त्यांचा धम्म कच्चा नव्हता. त्यांना आधार देणारा कायदा कच्चा होता. बेकारभत्ता म्हणजे आळशाला दिलेली भीक, असे म्हणणाऱ्यांना मी हाच प्रसंग सांगतो. तो ‘नाही’ म्हणण्याचा खर्च आहे. जो समाज शतकानुशतके ‘नाही’ म्हणू शकला नाही, त्याला त्याची गरज सर्वांत अधिक आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. आबा तोवर कायम झाले होते. चाळीतले पुष्कळ कामगार गावी गेले, आबाही आले. शाही आयोगाला अभिप्रेत असलेला तो विमा आम्ही दोन महिने अनुभवला. आबा दिवसा घराबाहेर पडत नसत. कुणी कामाला हाक मारील, आणि आपण जाऊ, याची त्यांना भीती वाटे. शेवटी ते मुंबईला परतले आणि भाजीबाजारात हमाली करू लागले. गिरणीने त्यांना पुन्हा बोलावले नाही.

त्यानंतर कायदे आणखी झाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने पंधरा दिवसांत काम न दिल्यास पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि त्यानंतर किमान निम्मा हिस्सा भत्ता ठरवला. मागणीची तारीखवार पोच देणेही बंधनकारक केले. राज्य विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून कारखाना बंद पडल्याने वा कपातीने बेकार झालेल्या विमेदारांसाठी भत्ता सुरू केला. १ जुलै २०१८ पासून दुसरी योजना आली. तिच्यात जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी सरासरी पगाराच्या २५ टक्के रक्कम होती, ती २०२० च्या टाळेबंदीच्या वर्षी ५० टक्के करण्यात आली. पण या योजनांचा दरवाजा तोच आहे. विमेदार म्हणून नाव हवे, वर्गणी भरलेली हवी. ज्या कंत्राटी सफाई कामगाराचे नाव कंत्राटदार कुठेच नोंदवत नाही, तो या दरवाजावर आबांसारखाच उभा आहे. त्याचे उभे राहणे अजून कुणी लिहून घेत नाही.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना माझे सांगणे साधे आहे. पुतळ्यापुढे घोषणा द्याव्यात, त्यांची गरज आहे. पण आठवड्यातून एक दिवस वस्तीत बसून कामाच्या मागणीचे अर्ज भरावेत, आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये. कंत्राटी माणसाची हजेरी आपल्या वहीत रोज लिहून ठेवावी. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातल्या मधल्या दिवसांचा इतिहास विचारून घ्यावा. तो सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

तात्या १९९४ साली गेले. त्या बैलाबद्दल आम्ही दोघे कधीच बोललो नाही. मी ज्या अर्जाची पोच घेऊ शकलो नाही, त्याची माझ्या हातची नक्कल अजून माझ्यापाशी आहे. तिच्यावर अकरा अंगठे आहेत, त्यांतला तिसरा तात्यांचा आहे, आणि कचेरीच्या शिक्क्याची जागा कोरी आहे.