खाण तिकडे, घागर इकडे

मागच्या बैठकीला आमच्या तामलवाडीच्या गटातल्या एक काकू तांब्याची घागर घेऊन आल्या. हप्ता थकला होता; घागर मोडीत घालून भरते म्हणाल्या. घागरीच्या गळ्याशी त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. तेव्हा प्रश्न निघाला, हे तांबं मुळात येतं कुठून? आपल्याकडं तर खाण नाही.

नसणारच. आपल्या पायाखाली लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. राज्यातले तांब्याचे साठे पार चंद्रपूर-नागपूरकडं, जिथं हा काळा दगड संपतो. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खननात तांब्याच्या सहा कुऱ्हाडी निघाल्या, तीन हजार वर्षांच्या जुन्या. ते तांबं राजस्थानातल्या खेतडी भागातून आलं असावं, असा अंदाज आहे. त्याच काळात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तांबं इतकं कमी, की रोजच्या कापाकापीला दगडाचीच पाती वापरत.

खेतडीला आजही मोठी खाण आहे. आम्हाला मात्र तिच्या आसपासच्या, टाकून दिलेल्या जुन्या खाणींचं नवल वाटलं. दगडाशी लाकडं पेटवायची, तापून तडकला की फोडायचा, मग भट्टीत घालायचा. तांबं निघून गेलं, काळी मळी मागं राहिली. जवळच्या सिंघाण्याला तिचे ढीग आहेत. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त तिथल्या खाणीची नोंद आहे. पुढं विलायती तांबं स्वस्तात येऊ लागलं आणि देशातल्या अशा कितीतरी जुन्या खाणी ओस पडल्या.

आणि आपलं तेर! पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आपलं तेर, आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं आणि त्याच बंदरात परदेशी तांबं उतरायचं. म्हणजे खाण नसलेल्या मुलखानं कापडाच्या जिवावर बाजार गाठला होता. सूत कोणी कातलं हे त्यात लिहिलेलं नाही. आम्हाला ते विचारावं लागत नाही.

काकूंचा हप्ता गटाच्या अंतर्गत कर्जातून भरला. तिघींनी विरोध केला, “आज एकीला दिलं तर उद्या सगळ्या भांडी घेऊन येतील.” त्यांचंही चूक नव्हतं. घागर काट्यावर ठेवली, तीन किलो सव्वाशे ग्रॅम भरली. वजन आणि सासूबाईंचं नाव, दोन्ही इतिवृत्तात लिहून काकूंची सही घेतली.