म्हातारपण मोजण्याची पट्टी

मी रेल्वेतला डिप्लोमावाला. आमच्या खात्यात प्रत्येक गोष्टीला माप असते. ब्रॉडगेजवरच्या उंच फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. फलाट त्याहून सखल असला की डब्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचा प्रवास पुष्कळदा तिथेच थांबतो. आई सांगलीहून आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा वाटले, म्हातारपणालाही असे माप असेल का? शोधले, तर निघाले!

पूर्वी वृद्धांची सोय म्हणजे आश्रय. पुण्याचा ‘निवारा’ १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला. छप्पर आणि दोन वेळचे जेवण, हीही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

मोजमापाची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेत, क्लीव्हलँडला. खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध कसे सावरतात हे पाहता पाहता डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा कामांची यादी केली. अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. ती १९६३ साली छापून आली. त्यांच्या लक्षात आले की या गोष्टी साधारण ठरावीक क्रमाने सुटतात; अंघोळ आधी, जेवण शेवटी. सावरताना क्रम उलटा, लहान मूल शिकते तसा. रोगाचे नाव काहीही असो, माणूस कुठल्या पायरीवर आहे ते या यादीने कळू लागले.

पण हे झाले घरातले. १९६९ साली पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी दुसरी, आठ कामांची यादी दिली. टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा व्यवहार. गंमत म्हणजे पुरुषांना त्यातली स्वयंपाक, घरकाम व धुणे ही तीन कामे विचारतच नसत. म्हणजे आपण आठांपैकी पाचांतच पास! (आमच्या सौ. म्हणाल्या, यात नवे काय?)

आपल्याकडे मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पाहणी केली. साठीपुढच्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना पहिल्या प्रकारच्या एखाद्या तरी कामात अडचण होती. दुसऱ्या प्रकारात मात्र जवळपास निम्म्यांना.

मित्रहो, परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दुसऱ्या आकड्यापाशी थांबावे. सांगलीत आई आठही कामे करत होती. बँक, भाजी, ज्येष्ठ नागरिक संघाची सहल, सगळे स्वतः. (अशा संघांचा महाराष्ट्रभरचा महासंघ, फेसकॉम, १९८० पासूनचा आहे.) बंगळूरला आली तेव्हा तब्येत तीच, गुडघेही तेच. पण महिन्याभरात खरेदी, प्रवास आणि बँक ही तीन कामे सुटली. कारण भाषा आणि अनोळखी रस्ते. आम्ही प्रेमाने “तू बस, आम्ही आणतो” म्हणायचो, त्याने आणखीच भर पडली.

रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबली, त्याबद्दल मला अजून लोक धरतात. माझे मत विचाराल तर सवलत हवीच, पण खालचा बर्थ आणि उंच फलाट त्याहून मोलाचे. या शहरात मेट्रोच्या लिफ्ट आहेत. नाइटिंगेल्स संस्था आणि शहर पोलीस यांनी २००२ साली ज्येष्ठांसाठी १०९० ही हेल्पलाइन सुरू केली, आणि आता देशभरासाठी १४५६७ आहे. दोन्ही नंबर आमच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहिले आहेत.

बाकीचे काम दोन कानडी शब्दांनी केले, ‘एष्टु’ आणि ‘बेडा’. किती, आणि नको. एवढ्यावर आई कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी घासाघीस करते. परवा तर कोथिंबीर फुकट घेऊन आली. बँकेचे खाते मात्र तिने सांगलीलाच ठेवले आहे. पासबुक भरायला वर्षातून एकदा राणी चन्नम्माने जाते, आणि बरोबर कोणी आलेले तिला चालत नाही.