११ महिन्यांचा करार असला तरी नोंदणी करावीच लागते का?

तारापूर एमआयडीसीत कामाला येणारे बरेच जण आधी खोली शोधतात. बोईसरला परवडली नाही तर पालघर, नाहीतर आणखी अलीकडे केळवे रोड. तिथून लोकलने बोईसर तिसरं स्टेशन. घर ठरलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?"

हा समज १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून आला. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्राचा नियम वेगळा आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असो.

नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी मेख पुढे आहे. समजा, अनामत ३० हजार दिली होती आणि घर सोडताना मालक म्हणतो, १० हजारच होती. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. (तरी अनामत रोख न देता बँकेतून दिलेली बरी.)

नोंदणीचा फायदा मालकालाही आहे. लायसन्सची मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं.

हे सगळ्यांना लागू नाही. कंपनीने नोकरीसोबत दिलेली खोली, पेइंग गेस्ट किंवा केळव्याच्या किनाऱ्यावरचं लॉज यात राहणारा कायद्याच्या व्याख्येत लायसन्सधारक ठरत नाही. कायदाही अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता आहे, म्हणून आपल्या गावाचं दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, अनामतही हिशेबात धरून. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, शहरी हद्दीत १,०००. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते.