टिटिनाचे वजन

धर्मराजाची गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. स्वर्गात नेण्यासाठी इंद्राचा रथ समोर उभा आणि धर्मराज म्हणतो, ‘हा कुत्रा बरोबर येणार नसेल, तर मला तुमचा रथ नको!’ पुराणातला हा पेच इतिहासातही एकदा पडला. स्थळ मात्र उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाचे, आणि रथाच्या जागी होते एक लहानसे विमान.

उम्बेर्तो नोबिले हा इटलीचा सेनाधिकारी, वायुनौका बांधण्यात निष्णात. वायुनौका म्हणजे हायड्रोजन वायूने भरलेला अवाढव्य लांबोळा फुगा. त्याच्या पोटाशी माणसांची खोली आणि यंत्रे. १९२५ साली रोमच्या रस्त्यावर नोबिलेला एक उपाशी कुत्री सापडली. तिचे नाव त्याने टिटिना ठेवले. पुढे ती त्याला क्षणभरही सोडीना.

१० एप्रिल १९२६ रोजी ‘नॉर्गे’ वायुनौका रोमहून निघाली. इंग्लंड, नॉर्वे, रशिया अशा मजला करीत ती स्पिट्सबर्गनला पोहोचली. तिथून ११ मे रोजी १६ माणसे आणि एक कुत्री ध्रुवाकडे झेपावली. १२ मे रोजी त्यांनी ध्रुव गाठला आणि १४ मे रोजी वायुनौका अलास्कात उतरली. सुमारे ७२ तासांचा हा प्रवास. लोकरीची बंडी घातलेली टिटिना ध्रुवावरून उडणारी पहिली कुत्री ठरली.

मोहिमेचा नायक रोआल्ड आमुंडसेन याला मात्र हे लाड रुचले नाहीत. इतरांच्या सामानाचे वजन काटेकोरपणे कमी करायला लावायचे आणि स्वतः कुत्री आणायची, हा काय न्याय? तक्रार खोटी नव्हती. पण आमुंडसेनचाही कुत्र्यांशी एक हिशेब होता. १९११ साली तो दक्षिण ध्रुवाकडे ५२ कुत्री घेऊन निघाला, परतली ती ११. बहुतेक वाटेत मारून खाण्याचेच योजले होते. एकाला कुत्रा म्हणजे वाहन व शिधा, दुसऱ्याला घरचे माणूस. दोघांचे जमणार कसे?

खरी कसोटी पुढे होती. १९२८ साली नोबिले ‘इटालिया’ नावाच्या वायुनौकेतून पुन्हा निघाला, टिटिनासह. २४ मे रोजी ध्रुव गाठला. दुसऱ्याच दिवशी नौका बर्फावर आदळली. एक जण तिथेच गेला; नुकसान पावलेला फुगा ६ जणांना घेऊन वाऱ्याबरोबर नाहीसा झाला. नोबिलेचा हात-पाय मोडला. टिटिना मात्र धडधाकट होती. त्यांचा शोध घ्यायला निघालेला आमुंडसेन १८ जूनला विमानासह बेपत्ता झाला. ज्याच्याशी उभा दावा, त्याच्याचसाठी त्याने प्राण दिले!

२३ जूनच्या रात्री स्वीडनचा वैमानिक लुंडबोर्ग तंबूजवळ उतरला. नोबिले म्हणाला, आधी जखमी चेचोनीला न्या. लुंडबोर्ग म्हणाला, आधी तुम्हालाच नेण्याचा हुकूम आहे. अखेर नोबिले विमानात चढला, आणि टिटिनाही. मागे तंबूत ५ जण राहिले. दुसऱ्या फेरीत लुंडबोर्गचे विमान उलटले. तोही तिथेच अडकला. त्याला जुलैच्या आरंभी दुसऱ्या विमानाने नेले, आणि त्या पाचांना १२ जुलैला ‘क्रासिन’ या रशियन जहाजाने सोडविले. सोळांपैकी आठच वाचले.

कप्तान आधी सुटला, तोही कुत्रीसह! एवढेच जगाने लक्षात ठेवले. चौकशी समितीने १९२९ साली नोबिलेला दोषी धरले. १९७८ साली मरेपर्यंत तो आपली बाजू मांडत राहिला.

टिटिनाने कोणाची जागा अडविली होती? त्या चिमुकल्या जिवाच्या वजनाने एकही माणूस मागे राहिला नसता. पण संकटात लोक वजन पाहत नाहीत, क्रम पाहतात. आणि महाभारतकथाही कुत्र्यापाशी संपत नाही. स्वर्गात पोहोचल्यावर धर्मराज विचारतो, ‘माझे भाऊ कुठे आहेत? ते असतील तिथेच मला न्या.’ नोबिलेही जहाजावरून त्या पाचांच्या सुटकेची सूत्रे हाती घेऊ पाहत होता. त्याला तसे करू दिले नाही. पहिली परीक्षा तो उत्तीर्ण झाला. दुसरीला त्याला बसूच दिले नाही.