चपडीचा न्याय

जुन्या सागवानी कपाटावर रंग चढवला की त्याचा इतिहास बुजतो, अशी तक्रार असते. पण मूळ पॉलिश तरी कुठे कायमचं होतं? १९व्या शतकात युरोपात रुळलेलं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, आपल्याच पळस-कुसुमावरच्या किड्यांची लाख. तिचा नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. पुन्हा पुन्हा करावं, असंच ते काम. पाण्याचे, गरम कपाचे डाग मात्र तिच्यावर पडतात, म्हणून १९२०च्या दशकात कारखाने नायट्रोसेल्युलोज लॅकरकडे वळले. सावंतवाडीचं रंगीत लाखकाम पाहता लाकडाला रंग परकाही नाही. आक्षेप घ्यायचाच तर ऑइलपेंटवर घ्यावा: तो खरवडताना पॉलिश पेपर लाकडाचाही वरचा थर नेतो.